विटांची वाफेची ट्राम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात लेगोच्या प्लॅस्टिकच्या विटांची ट्राम मांडली की बघणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींना वेळ लागतो. ज्यांना घरी स्वतः अशी ट्राम बांधायची आहे, त्यांच्यासाठी ती इथे एकत्र केली आहेत.

ट्राम तर शहरात असते. ही गावातली वाफेची ट्राम कुठून आली?

आपल्या डोक्यात ट्राम म्हणजे मुंबईची. ती १८७४ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. त्यामुळे ट्राम म्हटलं की डोळ्यांसमोर दुकानं आणि गर्दीच येते. पण इंग्लंड, हॉलंड, बेल्जियम, जर्मनी या देशांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेड्यापाड्यांतून वाफेच्या ट्राम धावत होत्या. पूर्ण रेल्वे टाकायची तर जमीन घ्या, भराव घाला, पूल बांधा, सिग्नल उभारा. एवढा खर्च छोट्या गावांच्या मालवाहतुकीतून निघण्यासारखा नव्हता. मग रस्त्याच्या कडेलाच रूळ टाकले. माणसं, दुधाचे कॅन, बटाटे, बीट, फळं असा सगळा माल त्यावरून जायचा.

विटांतून बांधायला हीच का? नेहमीचं वाफेचं इंजिन जास्त देखणं नाही का?

देखणं आहेच, पण बांधायला कठीण. गोल बॉयलर, उघडी चाकं, त्यांना जोडणारे दांडे, पुढचे सिलिंडर हे सगळं छोट्या मापात, चौकोनी विटांतून आणि शिवाय चालतं करायचं म्हणजे नवख्या माणसाचा घामटा निघतो.

ट्रामच्या इंजिनाचं काम इंग्लंडच्या कायद्याने सोपं करून ठेवलंय. रस्त्यावर घोडे असत आणि हलणारे दांडे, वाफ, धूर बघून ते बुजत. म्हणून बोर्ड ऑफ ट्रेड या तिथल्या सरकारी खात्याचा नियम असा होता की रुळाच्या पातळीपासून चार इंचांच्या वर यंत्राचा कुठलाही हलणारा भाग दिसता कामा नये. धूर दिसू नये म्हणून साध्या कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजून धूर कमी केलेला कोळसा, जाळायचा. वापरलेली वाफ हवेत न सोडता थंड करायची, काही इंजिनांत त्यासाठी छपरावर तांब्याच्या नळ्या असत. परिणामी चाकांवर पत्र्याचे पडदे आले, बॉयलरभोवती खोली आली आणि इंजिनाचं खोकं झालं. चौकोनी विटांचं खोकं कोणालाही जमतं. आत तुमची मोटर आहे की खरा बॉयलर, हे बाहेरून कळत नाही.

मॉडेलमधून धूर निघत नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्याला हा नियम ऐकवा.

नमुना म्हणून कुठली ट्राम घ्यावी?

पहिल्यांदाच बांधत असाल तर इंग्लंडची विसबेच–अपवेल ट्राम. १८८३ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला, पुढच्या वर्षी ती अपवेलपर्यंत पोचली. पाणथळ, सपाट मुलूख, रस्त्याच्या आणि कालव्याच्या कडेने जाणारा रूळ, आणि माल म्हणजे मुख्यतः फळं-भाजीपाला. प्रवासी वाहतूक १९२७ च्या अखेरीस संपली, मालगाड्या मात्र १९६६ पर्यंत चालल्या. १९०३ पासून तिथे सहा चाकांची इंजिनं आली. बाहेरून लाकडी फळ्यांची भिंत, चारी बाजूंना खिडक्या, खाली पडदे, पुढे-मागे गाईगुरांना बाजूला सारणाऱ्या जाळ्या. लांबून बघणाऱ्याला तो मालगाडीचा गार्डाचा डबाच वाटेल. लहान मुलांना हे रूप ‘थॉमस’च्या गोष्टींतल्या टोबी या इंजिनामुळे ओळखीचं असतं.

थोडा सराव झाला असेल तर बव्हेरियातली कीमजे-बान बघा. प्रीन स्टेशनपासून तलावाच्या धक्क्यापर्यंत जेमतेम दोन किलोमीटरची, एक मीटर रुंदीच्या रुळांवरची ही गाडी १८८७ पासून आहे. क्राउस कारखान्याचं त्याच वर्षीचं हिरवं खोकेवजा इंजिन तिथे अजून आहे. बेल्जियम-हॉलंडच्या इंजिनांत छपरापर्यंत खिडक्या जास्त. त्यांना पारदर्शक तुकडे भरपूर लागतात आणि आतली मोटरही दिसते. म्हणून ती पहिल्यांदा घेऊ नका.

आपल्याकडचं काही नाही का? माथेरान?

माथेरानची गाडी माझीही लाडकी. १९०७ पासूनची, दोन फुटी रुळांची. पण ती डोंगर चढते. तिची मजा चढ आणि नागमोडी वळणांत आहे, आणि लेगोचं ठरीव वळण तिथे अपुरं पडतं. नाशिकला १८८९ पासून ट्राम होती, पण ती ओढायला घोडे असत. घोडे मोटरवर चालवणं हा वेगळाच छंद झाला.

त्यापेक्षा काल्पनिक मार्ग करा. ठाणे स्टेशनपासून घोडबंदर रोडने खाडीच्या कडेकडेने गेलेली, भात, मासळी आणि वीट-रेती वाहणारी ट्राम कधीच नव्हती. पण १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच थांबली होती, मग तिथून पुढे एखादा फाटा कल्पनेत फुटला तर कोणाचं काय गेलं? इंजिन मात्र खऱ्या नमुन्यावरच बांधा. मनाने रचलेलं इंजिन मनाने रचलेल्या मार्गावर ठेवलं की खेळणं वाटतं.

माप काय धरायचं?

लेगोच्या दोन रुळांमधलं आतलं अंतर साधारण साडेसदतीस मिलिमीटर. खऱ्या १४३५ मिलिमीटरच्या रुळाला त्याने भागलं की ३८ येतात, म्हणजे माप १:३८. विसबेचची ट्राम याच रुंदीची होती, त्यामुळे तिथे हिशेब सरळ बसतो. मीटर रुंदीच्या ट्रामला हेच गणित १:२७ देतं आणि मग लेगोची माणसं तिच्यापुढे बुटकी दिसतात.

स्टड म्हणजे विटेवरचं गोल बटण. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ आणि चपट्या प्लेटची ३.२. ग्रामीण ट्रामचे डबे अरुंद, साधारण दोन मीटर रुंद असत. १:३८ ला ते ५३ मिलिमीटर होतात, म्हणजे सहा ते सात स्टड. मोठ्या रेल्वेच्या मॉडेलला सहा स्टडची रुंदी तोकडी पडते, इथे ती जवळपास अचूक आहे. सहा मीटर लांबीचं इंजिन वीस स्टडमध्ये बसतं.

आता पडद्यांचं बघा. नियमातले चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, या मापात पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास येतात. एक प्लेट ३.२ ची. म्हणजे रूळ आणि पडदा यांच्यामध्ये एक प्लेट सरकेल एवढी फट ठेवली की कायदाही जवळपास पाळला गेला आणि पडदा रस्त्यावर घासतही नाही.

वन बीएचकेमध्ये जागा कुठून आणायची?

लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. सोळा तुकड्यांत पूर्ण गोल होतो आणि बाहेरून बाहेर साधारण सत्तर सेंटिमीटर जागा खातो. दोन्ही बाजूंना तीन-तीन सरळ तुकडे घातले तर लंबगोल चार फूट बाय अडीच फुटांच्या प्लायवर आरामात बसतो. प्लाय दिवाणाखाली सरकवता येतो.

पण माझं मत विचाराल तर गोल करूच नका. खिडकीखालच्या सहा फुटी कट्ट्यावर किंवा फळीवर चौदा सरळ तुकडे मांडा आणि ट्राम इकडून तिकडे जाऊ-येऊ द्या. विसबेचचं इंजिन दोन्ही टोकांकडून चालवता यायचं, त्यामुळे उलटं जाणं इथे खोटं दिसत नाही. गोलात सतत फिरणारी ट्राम मुलांना आवडते, मोठ्यांना पाच मिनिटांत कंटाळा येतो.

कुठली मोटर घालायची?

दोन रस्ते आहेत.

पहिला सोपा. लेगोच्या पॉवर्ड अप मालिकेतली तयार ट्रेन मोटर म्हणजे चार चाकांची गाडीच, चाकांना रबरी कडी असलेली. ती इंजिनाखाली लावा, वर खोकं चढवा, खाली पडदे सोडा. जिथे चाकं उघडी असतात तिथे ही मोटर विजोड दिसते, इथे ती दिसतच नाही. बॅटरीचा हब, म्हणजे मोटरला वीज देणारा सेलचा डबा, चार स्टड रुंद आणि आठ स्टड लांब. सहा स्टडच्या इंजिनात दोन्ही बाजूंना एकेक स्टडची भिंत धरली की आत चारच उरतात, म्हणजे हब कसाबसा मावतो. पण सेल बदलायला प्रत्येक वेळी छप्पर काढावं लागतं. त्यापेक्षा हब मागच्या मालडब्यात ठेवा आणि वायर मधून न्या.

दुसरा रस्ता, लेगोच्याच टेक्निक मालिकेतली मध्यम मोटर आणि दाती चक्रं. मेहनत जास्त, पण ट्राम ट्रामसारखी चालते. कशी ते पुढच्या उत्तरात.

माझी ट्राम मेल एक्स्प्रेससारखी सुसाट जाते. हळू कशी करू?

विसबेचला सुरुवातीची मर्यादा ताशी आठ मैल होती, म्हणजे साधारण तेरा किलोमीटर. १:३८ ला ते सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर होतं. साडेबारा-तेरा सेंटिमीटरचा एक सरळ तुकडा ओलांडायला सव्वा-दीड सेकंद लागला पाहिजे आणि सोळा तुकड्यांच्या गोलाला एकवीस सेकंद. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघा. बहुतेकांची ट्राम तो गोल पाच-सात सेकंदांत संपवते आणि सगळा खेळ तिथेच बिघडतो.

ट्रेन मोटर अगदी खालच्या पायरीवर चालवली तर वळणात अडखळते, कारण कमी वीज मिळाली की जोरही कमी होतो. चार्ज होणारे सेल घातले तर थोडा फरक पडतो. साधे सहा सेल मिळून ९ व्होल्ट देतात, चार्जवाले ७.२. वेग आपोआप उतरतो.

खरा उपाय दात्यांचा. टेक्निकची जुनी मध्यम मोटर ओझ्याविना मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे घेते, ओझ्याखाली कमी. तीनशे धरा. लेगोचं मोठं चाक साधारण तीस मिलिमीटरचं, एका फेऱ्यात नऊ-साडेनऊ सेंटिमीटर जाणारं. म्हणजे चाकाला सेकंदाला एकच फेरा हवा, मिनिटाला साठ. तीनशेचे साठ करायला पाचास एक हे प्रमाण लागतं. आठ दात्यांच्या चक्रावरून चोवीसवर गेलात की तीनास एक होतं, पुढे बारावरून वीसवर गेलात की बरोबर पाचास एक. चाळीस दात्यांचं एकच चक्र घातलं तरी हिशेब तोच, पण ते एवढं मोठं आहे की पडद्याखाली लपत नाही. अशी कमी केलेली मोटर पूर्ण विजेवर फिरते, त्यामुळे जोर कायम राहतो आणि तीन डबे लावले तरी ट्राम कुरकुरत नाही.

रस्ता कसा करायचा? रूळ तर वरच राहतात.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरं काम इथेच आहे. इंजिन दोन संध्याकाळींत होतं, रस्त्याला महिना लागला तरी नवल नाही. ट्राम ट्राम का वाटते? ती रस्त्यातून जाते म्हणून. तेच इंजिन खडीवरच्या उघड्या रुळांवर ठेवा, लोक त्याला मालडबा म्हणतील.

सरळ तुकड्यांवर दोन रुळांमध्ये चार स्टड रुंदीची पट्टी बसते, म्हणजे ३२ मिलिमीटर. आतली रुंदी साडेसदतीसची, त्यामुळे दोन्ही बाजूंना पावणेतीन मिलिमीटरची खाच आपोआप उरते. चाकाची बाहेर आलेली कड याच खाचेतून जाते. खऱ्या रस्त्यातल्या ट्रामच्या रुळाला अशीच खाच असते. पट्टीवर आधी प्लेट, वर स्टड नसलेली गुळगुळीत टाइल. वरची पातळी रुळाच्या माथ्याएवढी किंवा केसभर खाली, वर मुळीच नको. ट्रेन मोटरचं पोट बरंच खाली असतं, म्हणून लांबच्या लांब पट्टी भरण्याआधी एकच तुकडा भरा आणि मोटर हाताने त्यावरून ढकला. कुठे खर्रकन आवाज आला की एक थर काढा.

रुळाबाहेरचा भाग विटा-प्लेट लावून त्याच उंचीवर आणा. एकच करडा रंग वापरू नका. खेड्यातला रस्ता म्हणजे दगड, माती, मध्ये गवत, कडेला गटार. गडद करडा, फिका करडा, मातकट आणि मधूनच एखादी हिरवी टाइल अशी सरमिसळ हवी. टाइलही सगळ्या चपखल बसवू नका. दर हातभर अंतरावर एखादी उघडी स्टडवाली प्लेट सोडा, ती खडीसारखी दिसते.

वळणांत हे जमत नाही. चौकोनी प्लेट गोल रुळात भरायला गेलात तर फटीच फटी. म्हणून गावातला रस्ता सरळ भागात ठेवा आणि वळण शेतात किंवा कालव्याच्या बांधावर न्या, जिथे रूळ उघडे असले तरी चालतात. विसबेचच्या मार्गावरही काही भाग रस्ता सोडून बाजूने जात होते, त्यामुळे ही पळवाट प्रामाणिक आहे.

वळणावर इंजिनाचं टोक घराच्या भिंतीला लागतं.

लागणारच. सोळा सेंटिमीटर लांबीचं खोकं चार सेंटिमीटर अंतरावरच्या दोन आसांवर बसवलं तर ३२ सेंटिमीटरच्या वळणात त्याचं टोक नऊ मिलिमीटरच्या आसपास बाहेर फेकलं जातं. एका स्टडपेक्षा थोडं जास्त. वळणाच्या बाहेरच्या अंगाला डब्याच्या कडेपासून दोन स्टड मोकळे ठेवा. खांब, माणसं, कुंड्या सगळं त्या पलीकडे. उलट, आस एकमेकांपासून फार लांब ठेवले तर टोक आत राहतं पण चाकं वळणात जाम होतात. लांब डबा हवाच असेल तर दोन्ही टोकांना फिरती चार-चाकी गाडी लावा.

छपरावरच्या नळ्या कशाच्या करू?

लेगोचे पातळ दांडे, एकमेकांना चिकटून, छपराच्या लांबीने. टोकांना क्लिप. तांब्याचा रंग मिळाला नाही तर तपकिरी चालेल. मात्र विसबेचच्या इंजिनाच्या छपरावर अशी नळ्यांची रांग नको, ती किटसनसारख्या कारखान्यांच्या शहरी ट्रामला शोभते.

दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त ठोकळे चालतील?

भिंती, रस्ता, घरं यांना खुशाल वापरा. चाकं, आस, दाती चक्रं आणि रूळ यांत काटकसर करू नका. आस जिथे फिरतो ते भोक किंचित घट्ट असेल तर मोटर तापते आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

खर्च किती येईल?

पैसे विटांत जात नाहीत. मोटर, हब आणि रूळ यांत जातात. एक जुनी लेगो ट्रेन कोणाकडे धूळ खात पडली असेल तर ती आधी मागा. परदेशातून सुटे भाग मागवताना किमतीइतकंच कस्टम आणि टपालखर्चाकडेही बघा, चार चाकांसाठी पार्सल मागवणं परवडत नाही. दोन-तीन जण मिळून मागवा.

गणपतीच्या आरासीत ठेवली तर पाच दिवस चालेल का?

चालेल, पण तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. एका वेळी सहा ट्रिपल-ए सेल लागतात. चार्जवाल्यांचे दोन संच घ्या, एक ट्राममध्ये, एक चार्जरवर. दिवसभर चालवू नका. संध्याकाळी पाहुणे येतात तेव्हा सुरू करा.

जा-ये करणारी ट्राम आरासीला सगळ्यात बरी. हबला दोन जागा असतात. एकीत मोटर, दुसरीत रंग ओळखणारा सेन्सर. मार्गाच्या टोकांना वेगळ्या रंगाची टाइल लावली की सेन्सर ती बघतो आणि ट्राम थांबून उलटी निघते. लेगोच्या अॅपमधून हे होतं, पण मग फोन सतत तिथेच अडकतो. पायब्रिक्स हे मोफत सॉफ्टवेअर हबवर चढवलं तर प्रोग्राम हबमध्येच राहतो आणि फोन मोकळा. साध्या मोटरीवर टोकाला झटका बसतो, म्हणून प्रोग्राममध्ये वेग आधी उतरवा, दोन क्षण थांबवा, मग परत फिरवा.

निरांजन आणि समया रुळापासून हातभर लांब. हे प्लॅस्टिक ज्योतीपाशी वितळतं. दूर्वा आणि फुलांच्या पाकळ्या त्या खाचेत पडल्या की ट्राम उतरते, म्हणून पूजा झाल्यावर एक मऊ ब्रश फिरवायचा. आरासीचा मार्ग उत्तरपूजेच्या वेळी हात पोचेल असा ठेवा. मूर्तीसमोरून रूळ नेऊ नका, बाजूने न्या. नाहीतर उचलताना सगळ्यांची पंचाईत.

पावसाळ्यात काही होतं का?

विटांना नाही, सेलना होतं. जूनमध्ये ट्राम पेटीत ठेवत असाल तर सेल काढूनच ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेत हबच्या आतले धातूचे पत्रे हिरवे पडतात. आसांना तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. केस आणि दोऱ्याचे धागे मात्र आसांभोवती हमखास गुंडाळले जातात. महिन्यातून एकदा चाकं काढून चिमट्याने साफ करा. मोटरच्या चाकांवरची रबरी कडी ओल्या फडक्याने पुसली की गेलेली पकड परत येते.

लहान मुलं हात लावतात.

लावू द्या. पडदा पडला तर परत बसतो. फक्त दाती चक्रांच्या जागी बोट जाणार नाही असं खालून प्लेटने झाका.

रात्री चालवली तर खालच्या मजल्यावर आवाज जातो का?

जातो. मोटरचा आवाज कमी असतो, पण जमिनीवर ठेवलेला प्लाय ढोलकीसारखा घुमतो. खाली जुनी योगा मॅट घाला आणि रुळाच्या तुकड्यांचे सांधे नीट दाबून बसवा, म्हणजे खडखड निम्मी होते. तरीही खालच्या काकूंनी विचारलंच तर त्यांना वर बोलवून रिमोट त्यांच्या हातात द्या. आमच्या बिल्डिंगमध्ये तरी त्यानंतर तक्रार आलेली नाही.